कॅप्टन शेवटी उतरतो

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी सध्या एक टाइप केलेला कागद लावलेला आहे. त्यावर लिहिलंय: "रविवार, दुपारी १२ वाजून २१ मिनिटे. बत्तीस फ्लॅट सात मिनिटांत रिकामे. राहिलेली व्यक्ती: एक." ती राहिलेली व्यक्ती म्हणजे मी. लोक पाण्याची वेळ बघायला येतात, कागद वाचतात आणि माझ्याकडे बघून हसतात. म्हणून जे झालं ते एकदाच नीट लिहून ठेवतो.

मी कुंदन चुरी, वय अठ्ठेचाळीस. मूळचा शिरगावचा, पण नोकरीमुळे बोईसरला स्थायिक. तारापूरच्या एका औषधी कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मी व्हिडिओ गेम खेळतो. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. आपल्याकडे अठ्ठेचाळीसाव्या वर्षी माणसाने कॅरम खेळलेला चालतो, गणपतीत रात्रभर पत्ते कुटलेले चालतात, पण हातात गेमचा कंट्रोलर दिसला की नातेवाईक बायकोला बाजूला घेऊन विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" त्यामुळे मी हा प्रकार अफरातफर करावी तसा लपवून ठेवला होता.

याची सुरुवात लॉकडाउनमध्ये झाली. मेघाली, माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची होती. घरात कोंडून घेतलेल्या आम्हा दोघांना एक गेम सापडला. चारशे झोपलेले प्रवासी घेऊन एक यान दूरच्या ग्रहाकडे निघालं आहे आणि तुम्ही त्याचे खलाशी. गंमत अशी की तुम्ही खेळा किंवा न खेळा, यान चालतच राहतं. तुम्ही झोपा, कामाला जा, परीक्षा द्या. परत आलात की दिसतं, इतके लाख मैल पुढे गेलं, एक पंखा बिघडला, पाणी कमी झालं. मेघालीने यानाला आजीचं नाव दिलं, 'रखमा'. आई हॉलमध्ये वाल सोलता सोलता रोज विचारायची, "पोचलं का रे तुमचं विमान?" आम्ही सांगायचो, "नाही आई, अजून वेळ आहे." हे सहा वर्षं चाललं.

मधल्या काळात मेघाली दहावी झाली, बारावी झाली आणि इंजिनिअरिंगला नाशिकला गेली. अवकाशाच्या सिनेमांवर माझा थोडा अभ्यास आहे. पहिला भाग, दुसरा भाग, मग पहिल्याच्या आधी काय झालं तो भाग, असे ते निघत राहतात, आणि प्रत्येकात कोणीतरी बाप पोरांना मागे ठेवून लांब जातो. पोरं खिडकीत उभी राहून रडतात. आमच्याकडे उलटं झालं. मुलगी बॅग घेऊन गेली आणि बाप बोईसर स्टेशनबाहेर वडापाव हातात धरून उभा राहिला. असा सिनेमा कोणी काढलेला नाही, आणि काढला तर मी तो बघणार नाही.

हॉस्टेलवरून फोन आला की आमचं बोलणं दीड मिनिटात संपायचं. जेवलीस का, हो. पैसे आहेत का, हो. आईला दे. पण रविवारी यानात बसलो की तीच मुलगी दोन-दोन तास बोलायची. इंजिन दुरुस्त करता करता मला तिच्या रूममेटचं प्रकरण कळलं, एका विषयात ती नापास झाली ते कळलं, आणि एकदा, पाण्याची टाकी बदलताना, तिला घरची फार आठवण येते हेही कळलं. समोरासमोर ती हे बोलली नसती आणि मीही ऐकू शकलो नसतो.

मग मार्चमध्ये गेमच्या कंपनीचं पत्र आलं. खेळणारे कमी झाले, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी एक वाजता सर्व्हर कायमचा बंद. आमचं यान नेमकं त्याच रविवारी ग्रहाजवळ पोहोचणार होतं. एकच्या आत उतरलं तर उतरलं, नाहीतर सहा वर्षं आणि चारशे माणसं अधांतरी. मेघाली फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, आपण उतरवूया रे." तिचा आवाज बाराव्या वर्षीचा होता.

मी तयारीला लागलो. माझ्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, म्हणून थेट केबल ओढायचं ठरलं. केबलवाला म्हणाला, गच्चीवरून डक्टमधून आणू, पण सोसायटीचं एनओसी लागेल. अवकाशाच्या सिनेमांत लोक दोन आकाशगंगा ओलांडतात, त्यांना एनओसी कोणी मागत नाही. आमचे सेक्रेटरी रामनाथ वर्तक मात्र मागतात.

वर्तककाका एका केमिकल कंपनीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. वय सदुसष्ट, डावा गुडघा ऑपरेशन केलेला. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा जीव आमच्या सोसायटीच्या सुरक्षेत गुंतला. गच्चीवर त्यांनी काकूंच्या जुन्या गुलाबी परकराची वाऱ्याची पिशवी लावली आहे, गॅस सुटला तर वारा कुठला ते कळावं म्हणून. आजवर त्यांनी तीन मॉक ड्रिल घेतल्या. पहिल्या ड्रिलला अकरा माणसं आली, दुसरीला सात, तिसरीला काका, काकू आणि वॉचमन. तरी दर वेळी ते पत्रक वाटतात: एमआयडीसीचा भोंगा एकसारखा वाजला तर शिफ्ट बदलली, तुटक तुटक वाजला तर गॅस सुटला, खिडक्या लावा, नाकाला ओलं फडकं बांधा, लिफ्ट वापरू नका, वाऱ्याला आडवे चाला, आणि बाहेर पडलेल्याने काही झालं तरी परत आत जाऊ नये. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

"केबल कशासाठी?" त्यांनी विचारलं.

मी अर्जात लिहिलं, "कार्यालयीन कामकाज." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. केबल खिडकीतून आत आली, त्यामुळे खिडकी लागेना. ती उघडीच ठेवली.

समोरच्या फ्लॅटमध्ये धीरज राहतो. दिवसा इलेक्ट्रिशियन, लग्नसराईत डीजे. त्याला मी सांगितलं, मेघालीच्या कॉलेजचा कार्यक्रम ऑनलाइन बघायचाय. "काका, कार्यक्रम आणि टीव्हीच्या आवाजावर?" असं म्हणून त्याने हळदीला वाजवायचे दोन स्पीकर माझ्या खोलीत आणून ठेवले. माझ्या कमरेएवढे, पुढे निळे-जांभळे दिवे. पहिला आवाज काढला तसा मासवणच्या मावशीने दिलेला फ्लॉवरपॉट टेबलावरून चालत कडेला आला. आई दारात येऊन म्हणाली, "ह्या पेट्यांची तोंडं माज्याकडं नको करू, माजं काळीज हालतं." आईला कमी ऐकू येतं, पण काळजाला ऐकू येतं. मी स्पीकरची तोंडं उघड्या खिडकीकडे फिरवली.

रविवार उजाडला. अर्चना, माझी बायको, बहिणीकडे पालघरला गेली होती. जाताना म्हणाली, "काय उतरवायचंय ते उतरवा, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या मोजा." आई हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत टीव्हीवरचं कीर्तन लावून बसली होती. तिला वरचेवर कोणी ना कोणी भेटायला येतं, म्हणून बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. मी खोलीचं दार लावलं, मेघालीचं बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून कानावर बाहेरचं काही ऐकू न देणारे हेडफोन चढवले आणि रिमोटचं लाल बटण दाबून स्पीकर बंद केले. निदान मला तसं वाटलं. प्रत्यक्षात त्या बटणाने स्पीकरचे फक्त दिवे बंद होतात. हे धीरजने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

बारा वाजून एकवीस मिनिटांनी 'रखमा' ग्रहाच्या वातावरणात शिरली आणि तिचा धोक्याचा भोंगा वाजू लागला. आता, यान कुठल्याही शतकातलं असो, त्याचा धोक्याचा भोंगा आमच्या एमआयडीसीसारखाच असतो. तुटक तुटक. इतकी वर्षं तो ऐकत होतो, कंपनीत ड्रिलच्या कागदावर सह्या करत होतो, पण दोन्ही गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. त्या दिवशी हळदीच्या स्पीकरमधून, चौथ्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून, त्या भेटल्या.

यानंतरचं मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ वेळा सांगितलं आहे.

वर्तककाका जेवायला बसले होते. भोंगा ऐकला आणि ते ताटावरून उठले. काकू सांगतात, लग्नातसुद्धा त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता. त्यांनी शिट्टी घेतली, गच्चीवरच्या परकराकडे बघितलं, वारा पश्चिमेचा, आणि जिन्यात उभे राहून ओरडले, "उत्तरेकडे, शाळेच्या मैदानावर. लिफ्ट नाही. ओलं फडकं." आणि जे तीन ड्रिलमध्ये घडलं नाही ते घडलं. बत्तीस घरांतली माणसं रांगेत खाली उतरली. ज्यांनी पत्रकाचा कागद कपाटात अंथरला होता, त्यांनाही सगळं पाठ होतं. वास येतोय का, असं कोणी विचारलं नाही, कारण बोईसरमध्ये कसला ना कसला वास असतोच.

ओल्या फडक्यांचा मात्र घोळ झाला. पंप बंद, नळाला पाणी नाही. फाटकाशी नवापूरची पुष्पलता रविवारची मासळी घेऊन बसली होती. तिने पाटीवरचं ओलं कापड ओढलं, टराटरा फाडलं आणि येईल त्याच्या तोंडावर बांधायला सुरुवात केली. बोंबलांवरचं कापड ते. कडक शाकाहारी जोशी दांपत्यानेही निमूट बांधून घेतलं. मग अचानक पुष्पलता थांबली. "चारशेतीनची आये कुठं हाय? तिला जिना उतरवत नाय."

ती आणि धीरज चार मजले धावत वर आले. आई कीर्तन बघत होती. पुष्पलताने तिच्या तोंडावर फडकं बांधलं आणि दोघांनी तिला खुर्चीसकट उचललं. आईला सगळं माहीत होतं. ती सांगत होती की कुंदन आत विमान उडवतोय, पण फडक्याआडून शब्द बाहेर येईनात. भोंगा सगळीकडे घुमत होता, तो आतूनच येतोय हे धीरजच्या ध्यानात आलं नाही. त्याने माझ्या दारावर धक्के मारले. त्याच वेळी यानातल्या झोपलेल्या प्रवाशांना मागच्या कक्षातून पुढे हलवायची वेळ आली होती आणि मी मेघालीला सांगत होतो, "तू सगळ्यांना घेऊन पुढे हो. माझी काळजी करू नको. कॅप्टन शेवटी उतरतो."

हे वाक्य दाराबाहेर जसंच्या तसं गेलं.

मैदानावर हजेरी झाली. एक कमी. धीरजने भरल्या आवाजात माझं वाक्य सांगितलं. म्हणे बायकांनी डोळ्यांना पदर लावले. म्हणे कोणीतरी आठवण करून दिली, की चुरी औषधी कंपनीत आहेत, त्यांना गॅसचं कळतं, ते गळतीच शोधत असणार. आईने एव्हाना फडकं खाली ओढलं होतं. ती म्हणाली, "अरे, तो विमान उतरवतोय." सगळे हळहळले. गॅस म्हातारीच्या डोक्यात गेला, असं ठरलं. कोणीतरी पोलीस कंट्रोल रूमला फोनही लावला.

वर्तककाकांनी शिट्टी काकूंच्या हातात दिली, बोंबलाचं फडकं घट्ट केलं आणि इमारतीकडे चालू लागले. काकू म्हणाल्या, "अहो, परत आत जायचं नाही, तुम्हीच लिहिलंय." ते म्हणाले, "माणूस राहिलाय."

मी हे सगळं ऐकतो तेव्हा इथे येऊन थांबतो. त्यांना खरंच वाटत होतं की वर विषारी वायू आहे. तो गुडघा घेऊन ते चार मजले चढले, ज्या माणसाने त्यांच्याकडे 'कार्यालयीन कामकाज' असं लिहून दिलं होतं त्याच्यासाठी.

पावणेएक झाला होता. माझ्या खोलीचं दार धाडकन उघडलं. तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस आत शिरला आणि मला काखेत धरून उचलायला लागला. मासळीचा दर्प आला. हेडफोन गळ्यात पडले, कंट्रोलर जमिनीवर आपटला. आणि मला पहिल्यांदा खरा आवाज ऐकू आला, खिडकीतून सबंध बोईसरला ऐकू जाणारा.

काका थबकले. त्यांनी टीव्हीकडे बघितलं. स्पीकरकडे बघितलं. मग माझ्याकडे. फडकं हळूहळू खाली घेतलं. त्यांना धाप लागली होती. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि मी स्पीकरसकट तिच्यात जावं.

"काका," मी म्हणालो, "पंधरा मिनिटं. तुमच्या पाया पडतो. मग फाशी द्या."

गळ्यातल्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. "बाबा? बाबा, कुठे गेलास? यान पडतंय. बाबा?"

काकांनी तो आवाज ओळखला. मेघालीला सायकल त्यांनीच शिकवली होती. ते पलंगाच्या कडेवर बसले, श्वास घेतला आणि विचारलं, "भोंगा कशामुळे वाजतोय?"

"अधूनमधून वाजतोच तो. एरवी आम्ही बटण दाबून बंद करतो, आज बंद होत नाहीये."

"बंद करता?" त्यांचा आवाज चढला. पूर्ण प्रकरणात ते एवढ्या एकाच गोष्टीवर चिडले. "गळती असल्याशिवाय भोंगा वाजत नाही, चुरी. ती कोपऱ्यात लाल अक्षरं काय आहेत?"

ती बारा कलमांची सुरक्षा यादी होती. सहा वर्षांत आम्ही ती एकदाही वाचली नव्हती. दर वेळी 'पुढे चला' दाबायचो. काकांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला. "मेघाली, मी वर्तककाका. घाबरू नको. एकेक करून बघू. कलम एक, इंधनाचा दाब."

"ठीक आहे, काका," ती म्हणाली. माझ्या खोलीत काका कसे, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

"कलम दोन, मागचा दरवाजा."

"बंद," मी म्हणालो.

"बघून सांगा. आठवणीतून सांगू नका."

बघितलं. उघडा होता. मला वाटतं, तो अनेक महिने उघडा असणार. बंद केला. मग एक झडप सापडली, मग कक्ष सातमध्ये एक फुटलेला पाइप, आणि नवव्या कलमाला मेघालीने कसलंसं चाक फिरवलं आणि भोंगा थांबला. एकदम शांतता पसरली. मैदानावर त्या शांततेला लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, वर्तकांनी गॅस बंद केला.

म्हणून सगळे परत वर आले. एक वाजायला सहा मिनिटं होती तेव्हा माझ्या खोलीच्या दारात धीरज, पुष्पलता, जोशी दांपत्य आणि जिन्यापर्यंत गर्दी, सगळ्यांच्या गळ्यात बोंबलाची फडकी. मध्ये खुर्चीत आई. कोणाला काही समजावायला मला वेळ नव्हता आणि तोंडही नव्हतं. धीरज मागून म्हणाला, "काका, डावीकडे घ्या." जोशी म्हणाले, उजवीकडे. पुष्पलता म्हणाली, "गप बसा रे, होडी लावताना आमी कोणाला बोलू देत नाय." ते मात्र सगळ्यांनी ऐकलं.

एकला दोन मिनिटं कमी असताना 'रखमा'चे पाय जमिनीला लागले. धूळ उडाली आणि बसली. दार उघडलं आणि प्रवासी एकेक करून बाहेर येऊ लागले, सहा वर्षं झोपलेले, डोळे चोळत. पडद्यावर आकडा आला: चारशेपैकी चारशे.

आईने विचारलं, "पोचलं का रे?"

"पोचलं, आई," मी म्हणालो आणि रडलो. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपेक्षा मोठ्या उपस्थितीत, हातात कंट्रोलर घेऊन. तिकडे नाशिकला मेघालीही रडत होती. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिने खलाशांच्या यादीत एक नाव वाढवलं: आर. वर्तक, सेफ्टी ऑफिसर. मग एक वाजला आणि पडदा काळा झाला.

तेवढ्यात अर्चना आली. तिने गर्दी बघितली, वास घेतला आणि विचारलं, "कुकर?" कुकरचं मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला चौकीत जावं लागलं. फॉर्मात रकाने होते: वायूचे नाव, गळतीचे ठिकाण, बाधितांची संख्या. गळतीच्या रकान्यासमोर मी "यानाचा कक्ष सात" लिहिलं, तर हवालदारांनी पेन खाली ठेवला. "वय काय म्हणालात?" मी सांगितलं. वर्तककाका सोबत आले होते. ते पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, ही आमच्या सोसायटीची अघोषित मॉक ड्रिल होती. जबाबदारी माझी. पुढच्या वेळी आधी कळवू." तसं त्यांनी लिहूनही दिलं. त्या माणसाने आयुष्यात एक खोटा कागद केला तो माझ्यासाठी.

बाहेर आल्यावर मी माफी मागायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं. "सात मिनिटं, चुरी," ते म्हणाले. "बत्तीस घरं. मला वाटायचं, मी बोलतो ते कोणी ऐकत नाही." मग थोडं चालून, रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मेघालीकडे असा दुसरा एखादा प्रवास आहे का? रविवारी मला वेळ असतो."

आता आमचं नवं यान तिघांचं आहे. मला आधी वाटायचं, हा खेळ म्हणजे मी आणि माझी मुलगी आणि बंद दार. त्या दाराबाहेर किती माणसं उभी होती हे मला माहीतच नव्हतं. धीरजचा, पुष्पलताचा, जोशींचा मी ऋणी आहे, आणि काकांचा तर किती ते मला सांगता येत नाही. ते सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बघा. कागदावर जिथे "राहिलेली व्यक्ती: एक" असं टाइप केलंय, त्याच्यापुढे वर्तककाकांनी नंतर स्वतःच्या पेनाने एक शब्द लिहिला आहे: "आणली."